एका राज्याची दोन होतात तेव्हा माणसं कशी वाटली जातात? (आंध्र-तेलंगण २०१४)

आकृतिबंध

वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की खर्चाची चर्चा विधानभवन, राजभवन आणि मंत्र्यांच्या गाड्यांपाशी थांबते. इमारती एकदा बांधल्या की झालं. राज्य रोज चालतं ते मंजूर पदांवर, त्या पदांवरच्या माणसांवर आणि त्यांच्या सेवापुस्तकांवर (नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकांवर). त्यांची वाटणी कशी होते यावर मराठीत फारसं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून आंध्र-तेलंगण विभाजन धरून हा धागा काढतोय.

कायदा: आंध्र प्रदेश पुनर्रचना अधिनियम, २०१४. राष्ट्रपतींची संमती १ मार्च २०१४ ला, नियत दिवस (नवं राज्य सुरू होण्याचा दिवस) २ जून २०१४. म्हणजे तयारीला जेमतेम तीन महिने, आणि त्यातच लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका.

सेवांबद्दलची मुख्य कलमं ७६ ते ८३. कलम ७६ अखिल भारतीय सेवांसाठी. त्यांच्या वाटपाला माजी केंद्रीय दक्षता आयुक्त प्रत्युष सिन्हा यांची समिती होती. कलम ७७ राज्य सेवांसाठी, आणि त्यासाठी निवृत्त सनदी अधिकारी कमलनाथन यांची समिती. महामंडळांचे कर्मचारी कलम ८२ खाली, लोकसेवा आयोग ८३ खाली.

कलम ७७ नीट वाचावं. नियत दिवशी सगळे कर्मचारी तात्पुरते आंध्र प्रदेशातच राहतात. केंद्राने आदेश काढला तरच माणूस तात्पुरता तेलंगणकडे जातो. अंतिम वाटप त्यानंतर, विकल्प (कोणतं राज्य हवं याची लेखी पसंती) मागवून, आणि तेही केंद्राच्याच आदेशाने. यात दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री फक्त म्हणणं मांडू शकतात. हे न कळल्यामुळे पुढे बरीच भांडणं झाली.

ज्यांना आस्थापना, लेखा, कोषागार या बाजूंची माहिती आहे त्यांनी भर घालावी.

टपाल_नोंदवही

उत्तम विषय. मग सरळ ५८.३२ : ४१.६८ लावलं असेल ना सगळ्याला? २०११ च्या जनगणनेत आंध्र-तेलंगणच्या लोकसंख्येचं प्रमाण तेच होतं.

ज्येष्ठता_यादी

नाही, सगळ्याला नाही. बहुतेकांची इथेच गल्लत होते.

आंध्रमध्ये राज्यघटनेचं कलम ३७१-घ आणि १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश होता. त्यानुसार राज्याचे सहा झोन. एक ते चार किनारी आंध्र आणि रायलसीमेत, पाच आणि सहा तेलंगणात. कनिष्ठ लिपिक आणि समकक्ष पदं जिल्हा संवर्गात (संवर्ग म्हणजे भरती आणि ज्येष्ठता एकत्र मोजली जाते असा पदांचा गट), त्यावरची बरीच अराजपत्रित आणि काही ठरावीक राजपत्रित पदं झोन संवर्गात. भरतीत स्थानिकांचा वाटा अनुक्रमे ८०, ७० आणि ६० टक्के. जो संवर्ग पूर्णपणे एकाच नव्या राज्यात पडतो, त्यातला माणूस आपोआप त्या राज्याचा, हे कलम ७७ च्या परंतुकातच (कलमाला जोडलेल्या 'परंतु' वाक्यातच) आहे. शिक्षक, तलाठी पातळीचे कर्मचारी, पोलीस शिपाई यांच्यापैकी बहुसंख्य असे जागेवरच वाटले गेले.

प्रश्न राहिला तो राज्यस्तरीय संवर्गांचा आणि दोन्हीकडे पसरलेल्या बहुझोन संवर्गांचा. १९७५ च्या आदेशातून सचिवालय, विभागप्रमुखांची कार्यालयं, मोठे प्रकल्प आणि हैदराबाद शहर पोलीस वगळलेले होते. म्हणजे जिथे सगळ्या राज्यातली माणसं मिसळलेली होती, तिथेच स्थानिकतेची चौकट नव्हती. कमलनाथन समितीचं खरं काम हे होतं.

आता प्रमाण. क्षेत्रीय पदं जिथे आहेत त्या राज्याची. लोकसंख्येचं प्रमाण लागतं ते मुख्यालयातल्या, म्हणजे सगळ्या राज्यासाठी काम करणाऱ्या पदांना. आणि ते आधी पदांना लागतं. माणसं नंतर.

हिशोबासाठी एक कल्पित संवर्ग घेऊ. मुख्यालयात उपसंचालकांची २४ मंजूर पदं. ५८.३२ टक्क्यांनी १३.९९७, म्हणजे १४ आंध्रला, १० तेलंगणला. १ जून २०१४ ला भरलेली १९, रिक्त ५. रिक्त पदंही त्याच प्रमाणात वाटायची, नाहीतर एक राज्य भरलेली पदं घेतं आणि दुसऱ्याच्या पदरी कागद येतो. १९ चे १४:१० ने ११ आणि ८.

विकल्प आले: तेलंगण १२, आंध्र ७. तेलंगणच्या ८ जागांवर आधी तेलंगण मागणारे तिथले स्थानिक, ज्येष्ठतेने. ते समजा ६ निघाले. उरलेल्या २ जागा तेलंगण मागणाऱ्या इतरांपैकी ज्येष्ठ दोघांना. बाकीचे ४ जण, इच्छा नसताना, आंध्रला. ७ + ४ = ११. जमलं. विकल्प देणारे कमी पडले तर यादी खालून वर येते, म्हणजे सर्वात कनिष्ठ माणूस आधी हलतो.

या क्रमाबाहेर काही अपवाद होते: पती-पत्नी दोघेही नोकरीत असणं, विधवा आणि घटस्फोटित महिला, ६० टक्क्यांहून जास्त अपंगत्व, कर्करोग, हृदय शस्त्रक्रिया किंवा डायलिसिस अशी गंभीर आजारपणं. चतुर्थ श्रेणीला शक्यतो विकल्पाप्रमाणे. अपवादांमुळे एखाद्या राज्यात जागेपेक्षा माणूस जास्त झाला तर अधिसंख्य पद निर्माण करायचं, जे तो माणूस निवृत्त झाला की संपतं.

सेवापुस्तक

ज्येष्ठता_यादी, 'स्थानिक' कसं ठरलं हेही लिहा. सगळा वाद तिथेच आहे.

ज्येष्ठता_यादी

१९७५ च्या आदेशातली स्थानिक उमेदवाराची व्याख्याच वापरली. मूळ पात्रता परीक्षेपर्यंतची सलग चार वर्षं कुठे शिकला, तसं शिक्षण नसेल तर तेवढा काळ कुठे राहिला. जन्म कुठला किंवा आडनाव कुठलं याला किंमत नाही.

अडचण अशी की ही नोंद सेवापुस्तकात एका ओळीची असते आणि अनेक ठिकाणी नुसतं 'मूळ जिल्हा' एवढंच लिहिलेलं असतं. मूळ जिल्हा आणि शिक्षणाचा जिल्हा वेगळे असले की एकच माणूस एका कागदावर आंध्रचा आणि दुसऱ्यावर तेलंगणचा. हरकतींची मुदत दोन आठवड्यांची, आणि तेवढ्यात शाळेचे दाखले गोळा करायचे.

दुसरी अडचण ज्येष्ठता यादीची. वाटप तिच्यावर चालतं, पण कित्येक संवर्गांची अंतिम यादी १ जून २०१४ ला अस्तित्वातच नव्हती. तात्पुरत्या यादीवर वाटप केलं की यादी न्यायालयात बदलते आणि वाटप पुन्हा उघडतं. विभाजन होणार असं वाटत असेल तेव्हा कुठल्याही खात्याने सर्वात आधी करायचं काम हेच: सर्व संवर्गांच्या ज्येष्ठता याद्या अंतिम करणं. याला पैसे फार लागत नाहीत, आस्थापना शाखेतली चार माणसं आणि सहा महिने लागतात. नेमके तेच कोणी देत नाही.

कोषागार

पैशाची बाजू मी लिहितो.

२ जूनला नवीन राज्याचा वेगळा एकत्रित निधी सुरू होतो, पण त्यातून खर्च करायला विधानसभेची मंजुरी नसते. म्हणून पुनर्रचना कायद्यात तरतूद असते की राज्यपाल जास्तीत जास्त सहा महिन्यांचा खर्च अधिकृत करू शकतात. तेलंगणचा पहिला अर्थसंकल्प नोव्हेंबर २०१४ मध्ये आला, दहा महिन्यांचा, १,००,६३७ कोटींचा. सहा महिने १ डिसेंबरला संपत होते, म्हणजे फार सवड नव्हती.

नियत दिवस महिन्याच्या दोन तारखेला असल्याने १ जूनचा एक दिवस जुन्या राज्याचा. त्या एका दिवसाचं वेतन, त्या दिवशीचा प्रवास भत्ता, त्या दिवशी वटलेले धनादेश सगळे जुन्या लेख्यात. ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांनी प्रत्येक आहरण व संवितरण (देयकं काढून पैसे वाटणाऱ्या) अधिकाऱ्याकडे त्या महिन्यात किती देयकं दोनदा तयार झाली असतील याचा विचार करावा. नियत दिवस १ एप्रिल ठेवला तर यातलं निम्मं काम वाचतं.

माणूस हलला की त्याच्याबरोबर जायला हवेत: अंतिम वेतन प्रमाणपत्र (शेवटचा पगार किती आणि कधीपर्यंत दिला याचा दाखला), सेवापुस्तक, रजेचा हिशोब, भविष्य निर्वाह निधीची शिल्लक, घरबांधणी आणि इतर अग्रिमांच्या वसुलीचा तक्ता. सर्वात जास्त अडतं ते अंतिम वेतन प्रमाणपत्र. ते नसेल तर नवीन कार्यालय पहिलं वेतन काढू शकत नाही, आणि जुनं कार्यालय 'कार्यमुक्तीचा आदेश आला नाही' म्हणून देत नाही.

निवृत्तिवेतन वेगळं. पुनर्रचना कायद्याच्या आठव्या अनुसूचीप्रमाणे ज्या कोषागारातून घेतलं जातं ते राज्य पैसे देतं. मग दरवर्षी दोन्ही राज्यांची बेरीज करून लोकसंख्येने भागायची आणि ज्याने जास्त दिलं त्याला दुसऱ्याने भरून द्यायचं. सूत्र सोपं, पण ती भरपाई वेळेवर मागणं आणि मिळणं हे दोन महालेखापालांचे आकडे जुळण्यावर अवलंबून. बिहार-झारखंडमध्ये लोकसंख्येऐवजी कर्मचारी संख्येचं प्रमाण धरलं गेलं. झारखंडने ते मान्य केलं नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सूत्रातल्या एका शब्दाने दरवर्षीचा बोजा बदलतो.

टपाल_नोंदवही

म्हणजे माणसं तेवढीच, पगार तेवढाच, फक्त दोन खिशांतून. मग जादा खर्च नेमका कशाचा?

आकृतिबंध

जी पदं भागत नाहीत त्यांचा.

लिपिकांची २४० पदं १४० आणि १०० अशी वाटता येतात. संचालक एकच असतो. प्रत्येक खात्यात संचालक किंवा आयुक्त, त्याखाली प्रशासन बघणारा, लेखाधिकारी, विधी अधिकारी, आस्थापना शाखा, भांडार, आवक-जावक. विभाजनानंतर हा वरचा थर दोन्हीकडे पूर्ण लागतो. म्हणून खालची पदं तितकीच राहतात आणि वरची जवळपास दुप्पट होतात. वर नवीन पदं आली की पदोन्नत्या होतात, खालच्या जागा रिकाम्या होतात आणि त्या भरायला भरती. हा खर्च पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतो.

मग संस्था. याच कायद्याच्या नवव्या अनुसूचीत ८९ कंपन्या आणि महामंडळं होती, नंतर ९१ झाली. दहाव्या अनुसूचीत १०७ प्रशिक्षण आणि तत्सम संस्था, त्या पुढे १४२. यातल्या बऱ्याच संस्था हैदराबादेत एकाच इमारतीत. इमारत एका राज्याला गेली की दुसऱ्याने नवीन जागा, नवीन प्रयोगशाळा, नवीन संचालक मंडळ उभं करायचं.

वीज_वितरण

कलम ८२ ने काय घोळ होतो याचं सर्वात मोठं उदाहरण वीज कंपन्या.

त्या कलमाप्रमाणे महामंडळाचा कर्मचारी एक वर्ष जागेवर राहतो आणि त्या वर्षात वाटपाची पद्धत महामंडळांनीच ठरवायची. केंद्राचा अंतिम आदेश नाही, कमलनाथन समिती नाही. वर्ष संपलं, पद्धत ठरली नाही. जून २०१५ मध्ये तेलंगणच्या वीज कंपन्यांनी मूळ गाव आंध्रचं म्हणून १,१५७ जणांना कार्यमुक्त केलं. आंध्रच्या कंपन्यांनी रुजू करून घेतलं नाही. माणूस कार्यमुक्त आहे आणि रुजू नाही, म्हणजे तो कोणाच्याच वेतनपटावर नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशांवर पगार चालू राहिले.

नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. धर्माधिकारी यांची एकसदस्य समिती नेमली, डिसेंबर २०१९ ला तिचा अंतिम अहवाल आला आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने तो कायम केला. साडेपाच वर्षं. एवढा काळ या अभियंत्यांच्या पदोन्नत्या, बदल्या, प्रशिक्षण सगळं अडकून पडलं. एकतर्फी कार्यमुक्ती हा शब्द मी आस्थापनेच्या नियमावलीत ठळक अक्षरांत लिहायला लावेन: समोरच्या बाजूचा रुजू करून घेण्याचा लेखी आदेश हातात असल्याशिवाय कार्यमुक्त करायचं नाही.

सेवापुस्तक

विकल्प बिघडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे निवृत्तीचं वय. संयुक्त राज्यात ते ५८ होतं. आंध्रने विभाजनानंतर लगेच, २ जून २०१४ पासून, ६० केलं. तेलंगणात ५८ च राहिलं. तिथे २०२१ मध्ये थेट ६१ झालं, आणि आंध्रने जानेवारी २०२२ पासून ६२ केलं.

याचा विकल्पांवर परिणाम बघा. २०१४-१५ मध्ये ५६-५७ वर्षांच्या माणसासाठी आंध्र म्हणजे दोन वर्षं जास्त पूर्ण पगार. घर, मुलं, बँक सगळं हैदराबादेत असलं तरी तो आंध्र लिहिणार. तरुण माणूस हैदराबाद सोडू नये म्हणून तेलंगण लिहिणार. विकल्प राज्यासाठी मागवले होते, लोकांनी दिले ते वयासाठी आणि शहरासाठी. त्यात त्यांची चूक नाही. सेवाशर्ती जाहीर झाल्याशिवाय विकल्प मागवणं हेच चुकीचं. किमान दोन वर्षं सेवाशर्ती बदलणार नाहीत असं दोन्ही राज्यांकडून आधी लिहून घ्यायला हवं.

आकृतिबंध

सेवापुस्तक, हा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता. कलम ७८ कर्मचाऱ्याचं नुकसान करणारा बदल केंद्राच्या संमतीशिवाय करू देत नाही, पण फायद्याचा बदल मोकळा आहे. आणि विकल्प तर फायद्यानेच झुकतात.

कोषागार

शहराचा मुद्दा आला म्हणून राजधानीचा खर्च. कायद्याने हैदराबाद जास्तीत जास्त दहा वर्षं सामाईक राजधानी होतं. आंध्रने २०१६ मध्येच सचिवालय वेलगपुडीला हलवलं. माणसं यावीत म्हणून पाच दिवसांचा आठवडा आणि ३० टक्के घरभाडे भत्ता द्यावा लागला. हैदराबादच्या सचिवालयातले आंध्रचे ब्लॉक २०१९ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होते. म्हणजे तीन वर्षं दोन ठिकाणची देखभाल, सुरक्षा आणि वीजबिल. स्थलांतराचा अंदाज करताना दुहेरी ताब्याच्या काळाला वेगळं लेखाशीर्ष ठेवा, नाहीतर तो खर्च कार्यालयीन खर्चात मिसळतो आणि नंतर केंद्राकडे मागताही येत नाही.

केंद्राने काय दिलं तेही बघा. चौदाव्या वित्त आयोगाने आंध्रला २०१५-२० साठी २२,११३ कोटींचं महसुली तूट अनुदान दिलं. पण २०१४-१५ या तुटक वर्षाच्या तुटीवर वर्षानुवर्षं आकड्यांची घासाघीस चालली आणि त्यातले १०,४६१ कोटी मिळाले मे २०२३ मध्ये. नऊ वर्षांनी. तूट कशी मोजायची, नवीन योजनांचा खर्च त्यात धरायचा की नाही, हे कायद्यात लिहिलेलं नसलं की असं होतं.

निजामाबाद_नांदेड

मराठी वाचकांनी यातून १९५६ आठवावं. तेव्हा हैदराबाद राज्य तीन भागांत गेलं. तेलंगण आंध्रला, मराठवाडा मुंबई राज्याला, कन्नड जिल्हे म्हैसूरला. मुंबई राज्यात एकाच वेळी जुन्या मध्य प्रदेशातून विदर्भाचे, हैदराबादहून मराठवाड्याचे, शिवाय सौराष्ट्र आणि कच्छचे कर्मचारी आले. वेगळी वेतनश्रेणी, वेगळी पदनामं, वेगळ्या खातेनिहाय परीक्षा.

तेव्हा काम वाटणीच्या उलट होतं, जोडणीचं. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ खाली पदांची समकक्षता ठरवायला चार कसोट्या होत्या: कामाचं स्वरूप, अधिकार आणि जबाबदारी, भरतीची किमान पात्रता, आणि सर्वात शेवटी वेतन. वेतन शेवटी, कारण हैदराबादचा पगार आणि मुंबईचा पगार यांची तुलनाच होत नव्हती. तरीही विक्रीकर खात्यातल्या जुन्या मध्य प्रदेशातून आलेल्या अधिकाऱ्यांची समकक्षता आणि परीक्षेची अट यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९८१ मध्ये, पंचवीस वर्षांनी. पदोन्नतीची निव्वळ संधी ही सेवाशर्त नाही, असं त्यात न्यायालयाने म्हटलं. आजही वाटपाच्या दाव्यांत हे तत्त्व पुढे येतं.

दफ्तरांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून ते इथेच. १९५६ ला मराठवाड्याची माणसं आणि जिल्हा दफ्तरं आली, केंद्रीय कागद हैदराबादला राहिले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समितीला निजामकालीन कागदांसाठी हैदराबाद गाठावं लागलं, आणि उर्दू-मोडी वाचणारे शोधावे लागले. फाइल वाटताना चालू फाइल, बंद फाइल आणि कायम जतनाची फाइल असे तीन ढीग करून, सामाईक विषयाची मूळ प्रत कुठे आणि साक्षांकित प्रत कुठे याची सही केलेली यादी केली असती तर हे टळलं असतं.

पैनगंगा

माहितीबद्दल आभार. महाराष्ट्राला हे कितपत लागू? इथे ३७१-घ सारखं काही नाही.

ज्येष्ठता_यादी

नाही, आणि त्यामुळे इथे काम जास्त अवघड जाईल. महाराष्ट्रात गट क चे बरेच संवर्ग जिल्हा किंवा विभागस्तरीय आहेत, ते जागेवर वाटता येतील. गट अ आणि ब साठी महसुली विभाग वाटप नियम आहेत, पण त्याने नेमणुकीचा विभाग ठरतो, ज्येष्ठता राज्यस्तरीयच राहते. म्हणजे नागपुरात नेमलेला अधिकारी विदर्भ संवर्गाचा होत नाही. आंध्रमध्ये जो प्रश्न मुख्यतः मुख्यालयापुरता होता तो इथे गट ब पर्यंत खाली येईल.

स्थानिक कोण याची व्याख्याही नाही. अधिवास प्रमाणपत्र राज्याचं असतं, विभागाचं नाही.

कोषागार

लेख्याच्या बाजूने मात्र नागपूरला सोय आहे. विदर्भ आणि मराठवाड्याची लेखे आणि हक्कदारीची कामं बघणारं महालेखापाल कार्यालय तिथेच आहे. भविष्य निर्वाह निधीची खाती हलवायचा मोठा भाग वाचतो. उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि विधानभवनही आहे. आंध्र-तेलंगणात उच्च न्यायालय वेगळं व्हायला १ जानेवारी २०१९ उजाडला, आणि तोवर जिल्हा न्यायाधीशांची वाटणीही लोंबकळत होती.

वीज_वितरण

आणि अखिल भारतीय सेवा विसरू नका. सिन्हा समितीचं वाटप काही अधिकाऱ्यांनी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात आव्हान दिलं, अंतरिम आदेशावर दुसऱ्याच राज्यात काम करत राहिले. जानेवारी २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने असा एक आदेश रद्द केला तेव्हा ते अधिकारी तेलंगणचे मुख्य सचिव होते, त्यांना आंध्रला जावं लागलं. ऑक्टोबर २०२४ मध्येही केंद्राने आणखी काही अधिकाऱ्यांना मूळ वाटपाच्या राज्यात जायला सांगितलं. दहा वर्षांनंतर.

टपाल_नोंदवही

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, प्रमाण आधी पदांना लागतं. आता ज्येष्ठता_यादी, एकच विचारतो. समजा उद्या एखाद्या संचालनालयाला तयारी करायची आहे. पहिल्या आठवड्यात टेबलावर कोणते कागद हवेत?

ज्येष्ठता_यादी

चार. संवर्गनिहाय मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, प्रत्येक पद क्षेत्रीय की मुख्यालयाचं या रकान्यासह. त्याच तारखेची अंतिम ज्येष्ठता यादी. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या शिक्षणाचे जिल्हे आणि वर्षं, दाखल्यावरून तपासलेले, सेवापुस्तकावरून नव्हे. आणि बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची नोंद), अनुशेषासह, कारण माणसं वाटली की दोन्हीकडे आरक्षणाची टक्केवारी बिघडते आणि पुढची पहिलीच भरती त्यावर अडते.

चारही कागदांवर एकच तारीख हवी. पद तक्ता मार्चचा आणि ज्येष्ठता यादी जानेवारीची असली की मधल्या काळातले निवृत्त, बदलून गेलेले आणि प्रतिनियुक्तीवरचे (तात्पुरते दुसरीकडे पाठवलेले) लोक एका कागदावर असतात आणि दुसऱ्यावर नसतात. प्रतिनियुक्तीवरच्यांची यादी शक्य तर वेगळी करा. ते मूळ संवर्गात मोजायचे, बसले आहेत तिथे नाही.

आकृतिबंध

हे चार कागद धाग्याच्या सुरुवातीला घालतो. निजामाबाद_नांदेड, दफ्तरांच्या तीन ढिगांवर वेगळा धागा काढाल का? १९६० च्या मुंबई पुनर्रचनेत गुजरातला गेलेल्या फाइलींचं कसं केलं होतं तेही त्यात यावं.